राजवाडा कुणाचा? लाल किल्ला, पंचवटी आणि मालेगाव

(पंचवटी, नाशिक येथे युवा अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय आहे दिल्लीचा लाल किल्ला, म्हणजे मुघल बादशहांचा राजवाडा. पंचवटीत बसून दिल्लीच्या राजवाड्यावर कशाला बोलायचं, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचं उत्तर इथून जवळच, गोदावरीच्या काठावर उभं आहे. नारोशंकराचं मंदिर तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. रामेश्वराचं हे मंदिर १७४७ मध्ये नारो शंकर राजेबहादूर या पेशव्यांच्या सरदारानं बांधलं. मालेगावचा भुईकोट किल्लाही त्यानंच बांधला. आणि १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा शहराचा आणि लाल किल्ल्याचा कारभार त्यांनी याच नारो शंकराच्या हाती सोपवला. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात बादशहाचा राजवाडा, पंचवटीतलं मंदिर आणि मालेगावचा किल्ला एकत्र येतात. आज या तिन्ही वास्तूंबद्दल बोलूया.

हे बोलायचं कारणही सांगतो. आपल्या कानांवर सध्या दोन वाक्यं सतत पडतात. बाहेरचे सुनावतात, "ही तुमच्या लोकांची बांधकामं, आमची नव्हेत." आणि आपल्यातलेच काही छाती फुगवून म्हणतात, "लाल किल्ला आमच्या बापजाद्यांनी बांधला." ही वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्हींतली चूक एकच आहे. दोन्ही इमारतीला धर्माच्या सातबाऱ्यावर चढवतात. इमारतीचा इतिहास नीट वाचला तर दोन्ही वाक्यं टिकत नाहीत.

आधी बांधकामाबद्दल. शाहजहाननं राजधानी आग्र्याहून दिल्लीला हलवायचं ठरवलं. १६३९ मध्ये किल्ल्याचा पाया घातला गेला आणि १६४८ मध्ये तो पूर्ण झाला. उस्ताद अहमद लाहोरी आणि उस्ताद हमीद या दोन वास्तुविशारदांची नावं इतिहासात राहिली. दगड फोडणारे, चुना मळणारे, पाण्याचे पाट काढणारे मात्र निनावी राहिले.

या राजवाड्याची मांडणी म्हणजे दगडात लिहिलेली उतरंड होती. लाहोरी दरवाजातून आत आलात की आधी छत असलेला बाजार, मग नगारखाना. तिथं शाहजादे सोडून बाकी सगळ्यांना घोड्यावरून, हत्तीवरून उतरावं लागे. पुढे दिवाण-ए-आम. तिथं बादशहा उंच झरोक्यात बसे आणि खाली दरबारी आपापल्या दर्जाप्रमाणे उभे राहत. दिवाण-ए-खासपर्यंत फार थोडे पोहोचत. सर्वांत आत, यमुनेच्या बाजूला, खाजगी महाल. या महालांमधून संगमरवरी पाटातून पाणी खेळत असे. त्याला 'नहर-ए-बहिश्त', म्हणजे स्वर्गातला पाट, म्हणत. कोण किती आत जाऊ शकतो, यावरून माणसाची किंमत ठरत होती.

आता त्या झरोक्याकडे नीट पाहा. त्यावरचं वाकलेलं छत बंगालच्या बांबूच्या झोपड्यांवरून आलं आहे. पावसाचं पाणी चटकन ओघळावं म्हणून बंगाली शेतकऱ्यानं घराला दिलेला तो बाक पुढे बादशहाच्या डोक्यावर चढला. त्याखालचे फुगीर खांब युरोपातून आलेल्या चित्रांतल्या खांबांशी नातं सांगतात. मागच्या भिंतीवर रंगीत दगड बसवून केलेल्या पक्ष्यांच्या आणि फुलांच्या पाट्या आहेत. त्यात वर एक वाद्य वाजवणारा तरुण दिसतो, आणि जनावरं त्याचं संगीत ऐकत बसली आहेत. तो ऑर्फियस, ग्रीक कथेतला गायक. ही पाटी इटलीतल्या फ्लॉरेन्सची. मुघल वास्तुकलेच्या अभ्यासक एबा कॉख यांनी या चित्राचा संबंध हजरत सुलेमान यांच्या सिंहासनाशी जोडला आहे. ज्या राजाच्या न्यायाखाली वाघ आणि शेळी एकत्र नांदतात, असा आदर्श राजा म्हणजे आपणच, हे शाहजहानला सांगायचं होतं.

म्हणजे बंगालची झोपडी, युरोपचे खांब, ग्रीक गायक आणि इस्लामी परंपरेतला आदर्श राजा, हे सगळं एका झरोक्यात आहे. याला 'शुद्ध मुस्लिम' वास्तू कसं म्हणायचं?

पण न्यायाच्या त्या दाव्याकडेही डोळे उघडे ठेवून पाहिलं पाहिजे. १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. माणसं अन्नावाचून मेली, गावं ओस पडली. त्याच काळात शाहजहानचं लष्कर दख्खनच्या मोहिमेवर होतं. आणि १६३५ मध्ये बादशहा रत्नजडित मयूरासनावर बसला. १६३८ मध्ये मुघलांनी आपलं बागलाण, म्हणजे साल्हेर-मुल्हेरचा मुलूख, जिंकून घेतला. त्याच्या पुढच्याच वर्षी लाल किल्ल्याचा पाया घातला गेला. राजवाडे कुठल्याही बादशहाच्या घामातून उभे राहत नाहीत, ते रयतेच्या साऱ्यातून उभे राहतात. म्हणून सौंदर्य मनापासून पाहायचं, पण बादशहाचा अभिमान वाहायचा नाही. तो आपला पूर्वज नव्हता. आपले पूर्वज बहुतेक करून सारा भरणाऱ्यांत होते.

आता हा राजवाडा कुणी लुटला आणि कुणी पाडला, तेही पाहू. १७३९ मध्ये नादिरशाहनं दिल्ली लुटली आणि मयूरासन इराणला नेलं. १७६० मध्ये मराठ्यांच्या फौजेला पगाराला पैसा नव्हता, तेव्हा दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली गेली. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतची बातमी आली आणि नारो शंकराला दिल्ली सोडावी लागली. १७८८ मध्ये गुलाम कादिर या रोहिल्यानं याच महालात खजिन्यासाठी फरशा उखडल्या आणि बादशहा शाहआलमचे डोळे काढले. त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं ते महादजी शिंद्यांनी. आणि १८५७ नंतर इंग्रजांनी राजवाड्याचा बहुतांश भाग जमीनदोस्त करून तिथं गोऱ्या सैनिकांच्या बराकी बांधल्या. ऑर्फियसची पाटी एका इंग्रज अधिकाऱ्यानं काढून लंडनच्या संग्रहालयाला विकली. पुढे कर्झनच्या काळात ती परत आणण्याची खटपट झाली.

या यादीत लुटणारे आणि सावरणारे धर्माप्रमाणे वेगळे काढून दाखवा. जमणार नाही. मुसलमानानं मुसलमानाला लुटलं, मराठ्यानं चांदी काढली, मराठ्यानंच बादशहाला सावरलं. हा सत्तेचा आणि पैशाचा इतिहास आहे. त्याला धर्मयुद्धाचा रंग आपण आज देतो.

आता दिल्लीहून परत घरी येऊ. राजवाड्यातली ही कला मराठी मुलखात पेशव्यांच्या आणि सरदारांच्या वाड्यांतून पसरली. वाड्यांच्या सोप्यातले सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि त्यांच्यामधल्या पाकळ्यांच्या कमानी पाहा. त्या कमानीला आपण 'महिरप' म्हणतो. हा शब्द मशिदीतल्या 'मेहराब'वरून आला. दिवाणखाना, नगारखाना, हौद हे शब्दही फारसी-अरबीतून आले आणि मराठीच झाले. शनिवारवाड्याच्या मुख्य दरवाजाचं नाव 'दिल्ली दरवाजा' आहे. आणि ज्या शहरात आपण बसलोय, त्या नाशिकला मुघल काळात 'गुलशनाबाद' म्हणत.

पंचवटीतलं नारोशंकराचं मंदिर पाहा. तटाच्या कोपऱ्यांवर घुमटीच्या छत्र्या आहेत. दरवाजावर जी प्रसिद्ध घंटा आहे, ती पोर्तुगीजांची. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर मिळालेली. तिच्यावर १७२१ हे साल आहे. शिवाच्या मंदिरावर चर्चची घंटा, आणि तटावर घुमटीच्या छत्र्या. नाशिककरांना यात काही वावगं वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

आता मालेगाव. नारो शंकरानं १७४० च्या सुमारास तिथं भुईकोट बांधायला घेतला आणि ते काम सुमारे २५ वर्षं चाललं. या कामासाठी सुरतेकडून आणि उत्तर हिंदुस्थानातून मुसलमान कारागीर आणि मजूर आले आणि तिथंच राहिले, असं मालेगावचा इतिहास सांगतो. पुढे १८५७ नंतर उत्तरेतले मोमीन विणकर आले आणि गावात मागाचा आवाज सुरू झाला. म्हणजे मालेगावात मुसलमान वस्ती वाढली ती एका ब्राह्मण सरदाराचा किल्ला बांधता बांधता. "तुम्ही इथं कुठून आलात?" असं कुणी विचारलं तर याहून सरळ उत्तर कोणतं द्यायचं? कामाला आलो. बांधायला आलो. राहिलो.

माझ्या मते आपला खरा वारसा हा आहे. झरोक्यात बसलेल्या बादशहाशी आपलं नातं नाही, झरोका घडवणाऱ्या हातांशी आहे. त्या हातांमध्ये सगळ्या जातीधर्मांचे हात होते.

आणखी एक गोष्ट पंचवटीत बोलायलाच हवी. इथल्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तिथं प्रश्न कलेचा नव्हता, दरवाजा कुणासाठी उघडा आहे, हा होता. प्रत्येक वास्तूला तो प्रश्न विचारता येतो. लाल किल्ल्याच्या नगारखान्याशी एकेकाळी सामान्य माणूस थबकत होता. आज तिकीट काढून कुणीही दिवाण-ए-खासपर्यंत जातो. १५ ऑगस्टला याच तटावरून देशाचा झेंडा फडकतो. राजवाडा प्रजेचा झाला, तो राज्यघटनेमुळे. त्याच घटनेचं कलम ५१ क आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य मानतं. कर्तव्य नागरिकाचं आहे, अमुक एका समाजाचं नाही.

म्हणून जाता जाता एक काम देतो. तुमच्यापैकी मालेगाव, चांदवड, येवला, नाशिक इथले जे आहेत, त्यांनी आपल्या गावातली एक जुनी वास्तू निवडा. किल्ला, वाडा, दर्गा, मंदिर, बारव, काहीही चालेल. फोटो काढा, मापं घ्या, कुठला दगड निखळलाय, कुठं झाड उगवलंय ते लिहा. मग गावातल्या गवंडी, सुतार, पाथरवट घरांत जा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा की तुमच्या घरातल्या कुणी कुठं काम केलं. मिळतील ती नावं लिहून घ्या. ही नोंद पुरातत्त्व खात्याला द्या, ग्रामपंचायतीला द्या, आपल्या मासिकालाही पाठवा.

बादशहांची नावं इतिहासानं जपलीच आहेत. बांधणाऱ्यांची नावं जपायचं काम बाकी आहे, आणि ते आपण करू शकतो.