सर्व्हर डाऊन आणि कुर्ल्याची फेरी

आमच्या वेळी निकाल महाविद्यालयाच्या फलकावर लागे. पुढच्याच्या खांद्यावरून डोकावत नंबर शोधायचा. धक्काबुक्की होई, पण नंबर सापडला नाही, तर चार पावलांवर कार्यालयाची खिडकी असे आणि खिडकीत एक माणूस असे. चिडका का होईना, पण माणूस!

आता फलक संकेतस्थळावर गेला. सोय झाली, हे मान्य. पण संकेतस्थळ बंद पडले की विचारायचे कोणाला?

२०१७ चा उन्हाळा आठवून पाहा. मुंबई विद्यापीठाने त्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या आणि प्राध्यापकांनी त्या पडद्यावर वाचायच्या. कल्पना वाईट नव्हती, घाई वाईट होती. कायद्याने निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. राज्यपालांनी कुलपती या नात्याने ३१ जुलैची मुदत घातली, तीही टळली. काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

त्या दिवसांत मुले ट्विटर आणि फेसबुकवर चिडून लिहीत होती. आमच्या वयाची मंडळी म्हणत, ‘या पिढीला तक्रारच करता येते.’ मला ते पटले नाही. थट्टा आणि शिव्या बाजूला सारल्या, तर खाली एकच प्रश्न उरत होता : निकाल कधी? पुढच्या प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. हातातली नोकरी गुणपत्रिका मागते. मुलांना फलकाजवळची ती खिडकी सापडत नव्हती, म्हणून ती चव्हाट्यावर विचारत होती.

निकालाच्या रात्री संकेतस्थळ का कोलमडते, हे डोंबिवलीकराला वेगळे सांगायला नको. सकाळच्या लोकलसारखेच ते. डब्यात मावतात तेवढेच मावतात. त्यात प्रत्येकजण पान उघडेना म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबतो, म्हणजे एकच माणूस दहादा दारात उभा राहतो. यावर उपाय आहेत. राज्य शिक्षण मंडळ दहावी-बारावीचे निकाल एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर देते, गर्दी विभागली जाते.

पण सगळ्यांना झळ सारखी बसत नाही. सांताक्रूझचा मुलगा पायी कलिन्याला पोचेल. कल्याणच्या मुलीला कुर्ल्यापर्यंत लोकल, पुढे बस किंवा रिक्षा आणि तिथे गेल्यावर ‘उद्या या’. असा उद्या तीन वेळा आला की तिघांचे नव्हे, एकाच घराचे तीन दिवस जातात. कामावरून रजा घेऊन सोबत गेलेले वडील मी पाहिले आहेत.

ठाण्यात बाळकुमला आणि कल्याणला विद्यापीठाची उपकेंद्रे आहेत. निकालाच्या आठवड्यात तिथे एक अधिकारी बसवावा. तक्रार लिहून घेणारा, सहीशिक्क्यानिशी पोच देणारा आणि त्या पोचेवर उत्तराची तारीख घालणारा. सर्व्हर बंद असला तरी कागद आणि शाई चालू असते.