पाटी आणि दप्तर



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल आभार मानण्याचा शिरस्ता मी एका वाक्यात उरकतो, कारण मुलुंडच्या या सभागृहात जमलेल्या मंडळींना ज्या भाषणाची अपेक्षा असेल ते भाषण मी आज करणार नाही. मराठीची दैना, वाचकांचा दुष्काळ आणि ग्रंथालयांची हेळसांड यांवर गेल्या वर्षीच्या अध्यक्षांनी अश्रू ढाळले, त्याच्या आदल्या वर्षीच्यांनीही ढाळले. तो पाणीपुरवठा पुढल्या वर्षीही अखंड राहील, याबद्दल मला शंका नाही. मी एका शब्दाविषयी बोलणार आहे. वैद्य आणि हकीम या दोन्ही जुन्या भाडेकरूंना बाहेर काढून आपल्या भाषेत कायमचा ठाण मांडून बसलेला तो शब्द म्हणजे ‘डॉक्टर’. साहित्याच्या मेळाव्यात दवाखान्याचा विषय कशासाठी, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी घरी परतताना स्टेशनापासून आपल्या दारापर्यंतच्या पाट्या वाचाव्यात. उपनगरात कादंबरीपेक्षा पाटी अधिक वाचली जाते, आणि तिच्यावर विसंबून माणसे आपला दंड उघडा करून पुढे धरतात.

माझे बालपण घाटकोपरच्या टेकडीवरील एका चाळीत गेले. चाळीच्या तोंडाशी जिन्याखालच्या खोलीत एक गृहस्थ दवाखाना चालवीत असत. पूर्वी ते कोणा डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, मालक वारल्यावर त्यांनी मालकाचा स्टेथोस्कोप आणि मालकाची पदवी ही दोन्ही वारसाहक्काने आपलीच समजून स्वतंत्र पाटी लावली. माणूस वाईट नव्हता. रात्री दोन वाजता हाक मारली तरी धोतर सावरीत यायचा, पैसे नसले तर वहीत मांडून ठेवायचा, आणि त्याच्या लाल औषधाने अर्ध्या चाळीचा खोकला खरोखरच बरा होत असे, कारण पुष्कळसा खोकला औषधावाचूनही बरा होतो. १९६७ च्या पावसाळ्यात माझ्या आत्याच्या पोटात दुखू लागले. त्याने वायू म्हणून चार दिवस पुड्या दिल्या, सुई टोचली, शेक सांगितला. पाचव्या दिवशी तिला राजावाडी रुग्णालयात नेले तेव्हा आंत्रपुच्छ फुटून विष पोटभर पसरले होते. ती गेली. तो माणूस आमच्या दारात बसून लहान मुलासारखा रडला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि म्हणूनच त्याच्याविषयी माझ्या मनात आजही राग नाही.

राग आहे तो पुढच्या प्रसंगाचा. वडील फिर्याद घेऊन एका कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने सांगितले की, डॉक्टरांचे प्रकरण आमच्याकडे नाही, त्यासाठी निराळी कचेरी आहे. निराळ्या कचेरीने आपली वही उघडली, तीत त्या गृहस्थाचे नाव नाही असे पाहिले, आणि ज्याचे नाव आमच्या वहीत नाही त्याच्यावर आमची हुकमत चालत नाही, असा निर्वाळा दिला. नाव असते तर ते खोडता आले असते! वडील परत आले, टोपी खुंटीला लावली आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत. त्या निराळ्या कचेरीने कायदा चुकीचा सांगितला नव्हता. नोंदणीची आपली सारी इमारत अशी उभारली आहे की, जो आत आहे त्यालाच तिच्या छपराखाली शिक्षा होऊ शकते; बाहेरचा फक्त पोलिसाच्या दंडुक्यापुरता उरतो.

इमारत जुनी आहे. मुंबई इलाख्याचा वैद्यक कायदा १९१२ चा. त्याने पाश्चात्त्य विद्येच्या डॉक्टरांची यादी बांधली. १९३८ साली, बाळासाहेब खेर प्रांताचे मुख्य प्रधान आणि डॉक्टर गिल्डर आरोग्यमंत्री असताना, वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि देशी वैद्यकालाही सरकारी दप्तरात पाट मिळाला. १९४९ साली शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा अधिनियम आला. १९६१ च्या कायद्याच्या तेहतिसाव्या कलमाने नोंदणीवाचून वैद्यक करणे हा दंडनीय अपराध ठरवला. आणि २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात तशाच अपराधाला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. एवढ्या कलमांच्या तटबंदीतून बोगस डॉक्टर आत शिरतो कसा?

तो शिरत नाही; तो पहिल्यापासून आतच आहे. १९४९ चा अधिनियम खाटेपासून सुरू होतो. जिथे रुग्णाला ठेवून घेतात ती जागा त्याच्या कक्षेत येते, तिला महापालिकेकडे अर्ज करावा लागतो, प्रमाणपत्र दर्शनी लावावे लागते. जिथे खाट नाही, फक्त एक बाकडे, एक पडदा आणि एक सुई आहे, तो दवाखाना या अधिनियमाला दिसतच नाही. माणसांची यादी आहे, खाटांची यादी आहे, आणि उपनगरातला सामान्य मनुष्य ज्या दारातून प्रथम आत जातो त्या दाराची यादी नाही. या राज्याला मोजता येत नाही असेही नव्हे: गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, आणि आज सोनोग्राफीचे एकही यंत्र नोंदणीवाचून कायदेशीर रीतीने चालू शकत नाही. २०१६ च्या नियमांनी दवाखान्यातल्या वापरलेल्या सुईची विल्हेवाटही सरकारी परवानगीच्या कक्षेत आणली. सुईच्या कचऱ्याला दप्तर मिळाले, ती टोचली जाते त्या खोलीला मिळाले नाही!

बरे, खाटांची तरी नोंद नीट होती काय? १९९० च्या आसपास एका जनहित याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने समिती नेमली आणि शहराच्या पूर्व विभागातील चोवीस खाजगी रुग्णालयांची पाहणी झाली. सुनील नंदराज यांनी १९९४ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त तिचा वृत्तांत दिला. निम्म्याहून अधिक रुग्णालये राहत्या घरांच्या जागेत होती, काही तर झोपडपट्टीतल्या पत्र्याच्या आडोशात, आणि शिकलेल्या परिचारिकांची वानवा होती. म्हणजे कायदा होऊन चाळीस वर्षे लोटल्यावर न्यायालयाने कान धरला, तेव्हा अंमलदार जिने चढले. पुढे २०१० साली केंद्राने वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा कायदा केला; त्यात खाटेची अट नाही, दवाखाना आणि प्रयोगशाळाही येतात. हिमाचल, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, आसाम यांनी तो लागू केला. महाराष्ट्राने आपला स्वतंत्र कायदा करू म्हटले, मसुदा लिहिला, आणि तो मसुदा सवडीने वाचीत बसला आहे.

आता डॉक्टरांच्या संघटनांकडे वळतो. समोर बसलेल्यांत माझे वैद्य-मित्र आहेत, त्यांनी रागवावे, पण ऐकावे. बोगस डॉक्टरांना पकडा म्हणून आपण निवेदने देता आणि दवाखान्यांच्या नोंदणीचा विषय निघाला की तपासनीस येतील, चिरीमिरी मागतील, लहान दवाखाने बंद पडतील, असा धावा करता. तपासनिसांविषयीची आपली भीती मी खोटी म्हणत नाही. महापालिकेचा उंबरठा मीही झिजवला आहे. पण २०१० च्या कायद्यात तात्पुरती नोंदणी चौकशीवाचून दहा दिवसांत देण्याची तरतूद आहे. नाव, पदवी, परिषदेचा क्रमांक, पत्ता आणि वेळ, एवढा मजकूर ज्याला लिहून देणे जड जाते, त्याच्या आणि जिन्याखालच्या त्या गृहस्थाच्या पाटीत रुग्णाने भेद करावा कसा? रुग्णाला आपल्या मनातले शील दिसत नाही, पाटी दिसते.

त्यात सरकारने पाटीचाच गोंधळ वाढवला. मुंबईतल्याच एका विधवेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले की, ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा, मग तो दुसऱ्या पद्धतीचा पदवीधर का असेना, भोंदूच होय. होमिओपॅथीच्या डॉक्टराने अॅलोपॅथीची औषधे दिली होती आणि पती दगावला होता. २०१४ साली आपल्या विधिमंडळाने कायदा बदलून, औषधशास्त्राचा वर्षभराचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या होमिओपॅथांना तीच औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली. खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळत नाहीत, हे त्याचे समर्थन आहे, आणि ते क्षुल्लक नाही. पण अंधेरीला खेडे कोणी म्हटले?

एवढे ऐकून आपल्यापैकी कित्येकांना वाटत असेल की, हा प्रश्न गोवंडीचा, मालवणीचा, टेकडीवरच्या वस्त्यांचा. ही समजूत मला सर्वांत अधिक बोचते. ३० मे २०२१ रोजी कांदिवली पश्चिमेच्या एका ऐश्वर्यसंपन्न गृहसंकुलात लसीकरणाचे शिबिर भरले. डोसामागे १,२६० रुपये मोजून ३९० रहिवाशांनी दंड पुढे केले. कोणालाच ताप आला नाही, प्रमाणपत्रे निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावांनी आली, तेव्हा कुजबुज सुरू झाली. आणि पुढे उच्च न्यायालयात शासनाने सांगितले की, अशा नऊ बनावट शिबिरांत मुंबईतले २,०५३ जण फसले. त्या संकुलात निरक्षर कोणी नव्हते. वॉचमनची ओळखपत्रे तपासणाऱ्या त्या सभासदांनी सुई टोचणाऱ्याचा दाखला मागितला नाही. आणि मुलुंडकरहो, आपल्याच उपनगरातल्या महापालिकेच्या रुग्णालयात, अतिदक्षता विभागाचे कंत्राट घेतलेल्या संस्थेने अपात्र माणसे डॉक्टर म्हणून नेमली, असा आरोप करणारा गुन्हा २०२४ साली इथल्या पोलिसांत दाखल झाला. तो न्यायालयात सिद्ध व्हायचा आहे, म्हणून मी त्यावर निकाल देत नाही. परंतु सरकारी भिंतीच्या आतही कोण उभा आहे हे विचारावे लागावे, ही गोष्ट सिद्धीची वाट पाहत नाही.

वस्तीतला मजूर बोगस डॉक्टरकडे अडाणीपणाने जातो, हे तर मला मान्यच नाही. तो हिशेबाने जातो. राजावाडीच्या रांगेत त्याचा दिवस बुडतो, दिवस बुडाला की रोज बुडतो. जिन्याखालचा दवाखाना रात्री आठला उघडतो, उधार ठेवतो, आणि त्याची भाषा बोलतो. २०२२ पासून रात्री दहापर्यंत उघडे राहणारे ‘आपला दवाखाना’ महापालिकेने सुरू केले. एवढे एक पाऊल बरोबर पडले, असे मी मोकळ्या मनाने म्हणतो. वर्षाकाठी धाडी घालून दहापाच माणसे धरायची, छायाचित्रे छापून आणायची, आणि जामिनावर सुटलेल्याने पुढच्या गल्लीत नवी पाटी लावायची, या खेळापेक्षा त्या दोन-तीन संध्याकाळच्या तासांनी अधिक भोंदूंचे दुकान बसवले असेल. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने डॉक्टरांच्या ओळखीसाठी क्यूआर संकेतही काढला आहे. तोही चांगला, पण तो संकेत लावण्यासाठी आधी दार कोणाच्या तरी दप्तरात असावे लागते.

आता कार्यवाहांनी माझ्या हातात ठरावाचा मसुदा दिला आहे. ‘शासनाने दवाखान्यांच्या नोंदणीचा विचार करावा अशी हे संमेलन नम्र विनंती करीत आहे’, असा त्याचा मजकूर. व्याकरण निर्दोष आहे. मी तीन सुधारणा सुचवतो. ‘विचार करावा’ खोडून ‘कायदा करावा’ घालावे. ‘नम्र विनंती’ खोडून ‘मागणी’ घालावे. आणि शेवटी एक वाक्य जोडावे: टी, एन, आर मध्य, के पूर्व आणि के पश्चिम या महापालिकेच्या प्रभाग कचेऱ्यांकडे, आपापल्या हद्दीत किती दवाखाने आहेत आणि ते कोण चालवतात, असा अर्ज माहिती अधिकाराच्या कायद्याखाली या संमेलनाच्या नावे या महिनाअखेर दाखल होईल. उत्तर काय येईल ते मला ठाऊक आहे, पण ते त्यांच्या सहीशिक्क्यानिशी यावे. पाच अर्जांचे शुल्क मी आणले आहे. अनुमोदन कोण देते?