दारातला कुत्रा आणि गावाची जबाबदारी



महाराष्ट्राच्या ग्रामजीवनात कुत्र्याला फार जुने स्थान आहे. श्रीदत्तात्रेयांच्या चरणांशी चार श्वान दाखविले जातात. जेजुरीच्या खंडेरायाच्या परिवारातही कुत्रा असतो. महाभारतातील धर्मराज तर अखेरपर्यंत सोबत आलेल्या श्वानाला मागे टाकून स्वर्गात जाण्यास नकार देतो. धनगराचा कळप असो, शेतातले खळे असो की घराचे अंगण असो, राखणीचे काम पिढ्यान् पिढ्या या मुक्या प्राण्याने केले आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ साली चार देशी जातींच्या कुत्र्यांवर तिकिटे काढली. त्यांत शेजारच्या कर्नाटकातील, घोरपड्यांच्या जुन्या संस्थानाचे नाव मिरविणारा मुधोळचा शिकारी कुत्राही होता.

एवढा जिव्हाळा असूनही कुत्रा पाळणे म्हणजे नेमके काय, याचा विचार मात्र आपल्याकडे क्वचितच होतो. दोन वेळची भाकरी घातली आणि गळ्यात साखळी अडकविली की आपले कर्तव्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीची किंमत बहुतेक वेळा त्या कुत्र्याला, आणि त्याहूनही अधिक वेळा एखाद्या लहान मुलाला मोजावी लागते.

एक नेहमीचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. शाळेच्या वाटेवर एक घर आहे. घराच्या दाराशी खुंटीला हातभर साखळीने कुत्रा बांधलेला आहे. सकाळी मुलांचा घोळका येतो. कुत्रा भुंकतो. एखादा मुलगा खडा मारतो, बाकीची मुले ओरडत पळतात. घरधनी बाहेर येऊन कुत्र्याच्या पाठीत काठी घालतो. संध्याकाळी पुन्हा तेच. असे महिनोन् महिने चालते. मग एके दिवशी साखळीची कडी निसटते आणि सर्वांत मागे राहिलेल्या मुलाच्या पोटरीला चावा बसतो. गाव म्हणते, अपघात झाला. कुत्रा एकाएकी माथेफिरू झाला. वास्तविक त्या चाव्याची तयारी रोज दोनदा, सर्वांच्या देखत चाललेली होती.

चावा का घेतला जातो?

चावणारा कुत्रा दुष्ट असतो हा समज बहुतांशी चुकीचा आहे. बहुसंख्य प्रसंगी तो भ्यालेला असतो. भीती वाटली म्हणजे कोणताही प्राणी प्रथम दूर जाऊ पाहतो. दूर जाता आले नाही तर तो जागीच ताठरतो, मग इशारा देतो आणि इशाराही निष्फळ ठरला तर दात वापरतो. आखूड साखळीने यांतील पहिला मार्गच बंद होतो. खडे मारणारी मुले रोज समोरून जात असताना मागे सरकण्यास जागा नसलेल्या प्राण्याजवळ भुंकणे आणि चावणे एवढेच उरते.

कुत्रा इशारे पुष्कळ देतो. ते वाचण्याची सवय माणसाला नसते. मान वळविणे, वारंवार ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणे, शेपूट पोटाखाली घेणे, कान मागे पाडणे आणि अंग एकदम ताठ करणे ही सारी अस्वस्थतेची लक्षणे होत. शेपूट हलविणारा प्रत्येक कुत्रा मित्रच असतो असेही नाही. ताठ उभारलेली आणि आखडून हलणारी शेपटी धोक्याची सूचना देते. गुरगुरणे हा तर स्पष्ट शब्दांतला इशारा आहे. गुरगुरल्याबद्दल मार बसला की कुत्रा गुरगुरणे सोडतो, त्याची भीती मात्र तशीच राहते. असा कुत्रा पुढे कोणतीही सूचना न देता चावतो आणि म्हणूनच तो अधिक धोकादायक ठरतो.

पिल्लूपणाचे आठवडे

कुत्र्याच्या स्वभावाची घडण फार लवकर होते. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाने जगाशी ओळख करून घेण्याचा काळ होय, असे त्यांनी दाखवून दिले. या काळात जे शांतपणे पाहिले, ऐकले आणि हुंगले, ते पुढे आयुष्यभर परिचयाचे वाटते. जे पाहिलेच नाही, त्याची भीती बसण्याचा संभव असतो.

पिल्लू सुमारे आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. आई आणि भावंडे यांच्या सहवासातच किती जोराने चावले म्हणजे समोरच्याला दुखते, हे त्याला कळते. घरी आणल्यावर त्याला मुले, वृद्ध, टोपीवाले, छत्रीवाले, काठी टेकीत चालणारे, बैलगाडी, मोटारसायकल, गिरणीचा आवाज, पिपाणी या साऱ्यांची हळूहळू ओळख करून द्यावी. लसी पूर्ण झालेल्या नसतील तर त्याला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन हे जग दाखवावे. पिल्लू मागे सरकले तर ओढू नये, थांबावे.

शिक्षण म्हणजे मार नव्हे

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली. एखादी खूण आणि अन्न यांची पुन्हा पुन्हा सांगड पडली की पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. जे अन्नाचे, तेच भीतीचे. ज्या आवाजाबरोबर काठी येते, तो आवाजच त्याला भयंकर वाटू लागतो.

घरच्या कुत्र्याला चार शब्द आले तरी पुष्कळ झाले: ये, बस, थांब आणि सोड. घरातील सर्वांनी एका कामासाठी एकच शब्द वापरावा. एकाने ‘ये’, दुसऱ्याने ‘इकडे’ आणि तिसऱ्याने शिटी, असे केल्यास तो गोंधळतो. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटेच शिकवावे. सांगितलेली गोष्ट होताच त्याच क्षणी भाकरीचा लहान तुकडा द्यावा आणि शाबासकी द्यावी. उशिरा दिलेले बक्षीस कशाबद्दल मिळाले हे त्याला उमगत नाही. हाकेला आलेल्या कुत्र्याला आधीच्या खोडीबद्दल कधीही मारू नये. तसे केल्यास, हाकेला गेले की मार मिळतो, एवढेच तो शिकेल.

भित्रा आणि अंगावर धावणारा कुत्रा

काही कुत्री जात्याच किंवा पूर्वीच्या अनुभवामुळे भित्री असतात. सायकल, अनोळखी माणूस किंवा दुसरा कुत्रा दिसताच ती भुंकत धावून जातात. त्यांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अंतर. सायकलवरून येणाऱ्या पोस्टमनवर कुत्रा भुंकत असेल तर प्रथम असे अंतर शोधावे की जेथून सायकल दिसते, पण कुत्रा शांत राहतो. ते पन्नास पावलांचे असेल, कदाचित शंभर पावलांचेही असेल. तेथे कुत्र्याला पट्ट्याने धरून उभे राहावे. सायकल दिसताच उकडलेल्या अंड्याचा तुकडा किंवा त्याला विशेष आवडणारा दुसरा पदार्थ द्यावा. सायकल दिसेनाशी होताच देणे थांबवावे. काही दिवसांनी सायकल दिसताच तो भुंकण्याऐवजी मालकाच्या तोंडाकडे पाहू लागेल. मग अंतर दोन-चार पावलांनी कमी करावे. भुंकला तर तो अपराध मानू नये. आपण फार जवळ आलो असे समजून मागे जावे. या कामाला आठवडे लागतात, क्वचित महिनेही लागतात. घाईने हे काम बिघडते.

दिवाळीतील फटाके हा अशा प्राण्यांचा मोठा कसोटीचा काळ. माणसाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. कुत्र्याला चाळीस हजारांहून अधिक कंपनांचा. त्या दिवसांत अंधार पडण्यापूर्वीच त्याला फिरवून आणावे, आतल्या खोलीत दारे-खिडक्या लावून ठेवावे आणि गळपट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक असू द्यावा. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने त्याची भीती वाढते, हा समज खरा नाही. तो स्वतःहून जवळ आला तर अवश्य धीर द्यावा.

आजवर शांत असलेला कुत्रा एकाएकी चिडू लागला तर प्रथम पशुवैद्यकाकडे न्यावे. कान, दात किंवा सांध्याचे दुखणे हे अशा बदलाचे कारण असू शकते. चावण्याचा संभव असलेल्या कुत्र्याला बाहेर नेताना तोंडाला जाळीचे मुसके घालावे. मात्र त्याची सवय घरीच, खाऊ देत देत, आधीपासून लावावी. मुसके घातल्यावरही त्याला जीभ बाहेर काढून धापा टाकता आल्या पाहिजेत.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ अनुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावरास अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे न फिरविणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा ठरतो. दुसऱ्या बाजूने, १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मनुष्याच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुत्र्याचे रक्षण आणि शेजाऱ्याचे रक्षण अशी दोन्ही कर्तव्ये कायद्याने एकाच मालकावर सोपविली आहेत. मुंबई, पुणे यांसारख्या महानगरपालिकांच्या क्षेत्रात कुत्रा पाळण्यासाठी परवानाही घ्यावा लागतो.

आलर्क रोगाविषयी

या विषयाची सर्वांत गंभीर बाजू म्हणजे आलर्क, अर्थात रेबीज. या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि माणसांना होणारी बहुतेक सर्व लागण कुत्र्यांमार्फतच होते. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळीच उपचार केल्यास मात्र हा रोग पूर्णपणे टाळता येतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम ही लस दिली आणि तो मुलगा वाचला. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

चावा बसल्यास, किंवा नखाचा ओरखडा उठला तरीही, जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद असे काहीही लावू नये; मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच संपले. सरकारी दवाखान्यांत प्रचलित असलेल्या पद्धतीत दंडाच्या त्वचेत पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी लस देतात. जखम खोल असेल किंवा तीतून रक्त आले असेल तर जखमेभोवती वेगळे प्रतिबंधक औषधही द्यावे लागते. चावलेल्या कुत्र्याला ठार न मारता दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवावे. मात्र लस सुरू करण्यासाठी त्या दहा दिवसांची वाट पाहू नये. पाळीव कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयात पहिली लस आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित लस दिली पाहिजे.

गावाने काय करावे?

शिक्षकांनी वर्षारंभी एक तास या विषयाला द्यावा. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याला हात लावू नये. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नये, ओरडू नये, हात अंगाशी घेऊन आणि नजर जमिनीकडे लावून झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. आणि बांधलेल्या कुत्र्याला कधीही खडा मारू नये. या तीन गोष्टी पहिलीतल्या मुलालाही समजतात. चावा किंवा ओरखडा लपवून न ठेवता घरी सांगावा, हेही मुलांच्या मनावर ठसविले पाहिजे. मार बसेल या भीतीने लपविलेली जखम जिवावर बेतू शकते.

ग्रामपंचायतीने गावातील पाळीव कुत्र्यांची नोंदवही ठेवावी, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सहकार्याने वर्षातून एक दिवस लसीकरणासाठी ठरवावा, आणि नको असलेली पिल्ले रस्त्यावर सोडण्याऐवजी मालकांनी नसबंदी करून घ्यावी यासाठी त्यांचे मन वळवावे. आज टाकून दिलेले पिल्लूच उद्याचा भटका कुत्रा होतो.

शाळेच्या वाटेवरच्या त्या घराकडे पुन्हा पाहावे. घरधन्याने खुंटी दारातून काढून परसात नेली, साखळी लांब केली, सावली आणि पाण्याची सोय केली आणि कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरविले. पंचायतीने कुंपणाचा आग्रह धरला. गुरुजींनी खडे मारणे बंद करविले. यांतील एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. तथापि यांतील प्रत्येक गोष्ट कोणीतरी आपली म्हणून अंगावर घ्यावी लागते. तेवढे झाले म्हणजे घोळक्यात सर्वांत मागे राहणारे मूलही त्या दारावरून निर्धास्तपणे शाळेत जाईल, आणि कुत्राही त्याला जाऊ देईल.