भिंतींची नोंदवही

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त मानेसर येथील पालक-मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीन चर्चचा जांभ्या दगडाचा मनोरा आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. १६०२ मध्ये पूर्ण झालेले ते भव्य चर्च १८३५ मध्ये ओस पडले आणि अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, त्याचे छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग व निम्मा मनोराही ढासळला. निगा सुटली की पाणी मुरते, भेगांत झाडे रुजतात, भिंत तसूतसूने सरकते. आणि ते सरकणे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

आज अशा वास्तूंवर ‘टोटल स्टेशन’ या यंत्राने लक्ष ठेवता येते. भिंतीवर लहान परावर्तक बसवायचे, वास्तूपासून दूर, भक्कम जमिनीत संदर्भबिंदू रोवायचे आणि ठरावीक काळाने तेच कोन, तीच अंतरे पुन्हा मोजायची. मिलिमीटरभराची हालचालही त्यातून कळते. मात्र एकाच मोजणीला अर्थ नसतो. भिंत उन्हाने प्रसरण पावते, थंडीत आकुंचते. म्हणून वर्षभराच्या नोंदी जुळवल्यावरच ऋतुमानाचा फरक कोणता आणि खरा धोका कोणता, हे उमगते. पिसाचा मनोरा १९९० मध्ये बंद करण्यात आला. अखंड मोजमापाच्या आधारे, कलाच्या विरुद्ध बाजूची माती हळूहळू काढून तो ४० सेंटिमीटरहून अधिक सावरला गेला आणि २००१ मध्ये पुन्हा खुला झाला.

मानेसरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पालकांना सूक्ष्म मोजमापाचे महत्त्व मी काय सांगावे? माझी विनंती एवढीच, की आपल्या साठ वर्षांच्या इमारतीलाही तोच न्याय लावू या. महोत्सवासाठी रंगकाम ठरले आहे. रंगाने भेग झाकते, थांबत नाही. म्हणून जिन्याजवळच्या भेगेची तपासणी स्थापत्य अभियंत्याकडून आधी व्हावी, रंग नंतर लागावा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पक्क्या खुणा करून नववीचे विद्यार्थी दरमहा त्यांतील अंतर व त्या दिवसाचे तापमान नोंदवतील. अंतर वाढत राहिले, तर तेथील वर्ग त्याच दिवशी हलवले जातील.

गुरुजनांनी साठ वर्षे हजेरीपट चोख ठेवला. त्याच्याशेजारी आता भिंतींची नोंदवहीही असावी, कारण त्या हजेरीपटावरील प्रत्येक मूल याच भिंतींच्या आधाराने बसते.