टोळांचा राजा



अवर्षणाशीं झगडणाऱ्या नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला टोळधाडीचा अर्थ निराळा समजावून द्यावा लागत नाहीं. थवा उतरला कीं हिरवें म्हणून कांहीं उरत नाहीं. परंतु बायबलाच्या शेवटच्या पुस्तकांत, प्रकटीकरणाच्या 9 व्या अध्यायांत, जे टोळ येतात त्यांची तऱ्हा उफराटी आहे. गवताला वा झाडाला त्यांनीं शिवावयाचें नाहीं. पीडा द्यावयाची ती माणसांना, आणि तीहि 5 महिनेच. शिवाय त्यांना एक राजा आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकांत तर टोळांना राजा नसतो असें म्हटलें आहे. मग हा राजा कोण? ग्रंथकार त्याचें नांव दोन भाषांत देतो : इब्रींत अबद्दोन, ग्रीकांत अपल्लुओन.

अबद्दोन हें मुळांत व्यक्तीचें नांवच नव्हे. ईयोबाच्या ग्रंथांत तें विनाशस्थानाचें, मृतांच्या लोकाचें नांव आहे. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनीं त्यासाठीं 'विनाश' या अर्थाचें भाववाचक नाम योजिलें. प्रकटीकरणाच्या कर्त्यानें मात्र त्याच धातूचें कृदन्त घेतलें : अपल्लुओन, म्हणजे नाश करणारा. स्थळाचा असा कर्ता झाला. या नांवांत अपोलो देवाचा ध्वनि अनेक पंडितांना ऐकूं येतो, इ. स. पूर्वीं 458 सालच्या ईस्खिलसच्या 'अगामेम्नोन' नाटकांत कासांड्राहि अपोलोच्या नांवावर हीच कोटी करते.

आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहराशीं या कथेचा संबंध आहे. अमेरिकन मराठी मिशननें 1831 सालीं तेथें ठाणें दिलें, आणि 1842 सालीं 'ज्ञानोदय' तेथूनच निघूं लागला. त्याच्या आदल्या वर्षीं हरि केशवजींचें 'यात्रिक क्रमण' प्रसिद्ध झालें होतें. बनियनच्या ज्या रूपककथेचें तें भाषांतर, तींत यात्रेकरूची वाट अडविणारा शत्रु हाच. पुढें दौंडजवळच्या केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं इब्री व ग्रीक यांचा अभ्यास करून सबंध बायबल सोप्या मराठींत आणलें. अशा नांवापाशीं प्रत्येक भाषांतरकाराला अडावेंच लागतें. नांव मूळचें ठेवावें तर अर्थ हरपतो. अर्थ द्यावा तर नांवाचा दरारा जातो.

अर्थ हरपला कीं धोका उत्पन्न होतो, कारण नुसतें नांव कोणालाहि चिकटवितां येतें. नामसादृश्यावरून नेपोलियनलाच अपल्लुओन ठरविणारे निघाले. 'ख्रिस्तविरोधी' या शब्दाचीहि तीच गत झाली. तो प्रकटीकरणांत एकदांहि येत नाहीं. योहानाच्या पत्रांत येतो, आणि असे ख्रिस्तविरोधी पुष्कळ आहेत असें तेथेंच म्हटलें आहे. तरीहि शतकानुशतकें पंथांनीं तो एकमेकांवर फेकला.

ज्या शहरांत देऊळ, मशीद, दर्गा आणि ख्रिस्तमंदिर शेजारीं शेजारीं उभीं आहेत, तेथें व्याकरणाचा हा लहानसा धडा मोलाचा आहे. 'नाश करणारा' हें कोणत्याहि जातीचें, पंथाचें वा देशाचें नांव नव्हे; तें कृत्यावरून पडलेलें नांव आहे. शेजाऱ्याला तें देण्यापूर्वीं त्याचें कृत्य पाहावें, आणि त्याहिपूर्वीं आपलें.