शेजारधर्माने घडणारा अवयव

रायपूरकर मंडळी, गोल बाजारात बारशापासून तेराव्यापर्यंतचं सगळं सामान मिळतं म्हणतात. माझा आजचा विषय मात्र तिथल्या एकाही दुकानात मिळायचा नाही. शोधायचाच तर सडक्या फळांच्या ढिगात शोधावा लागेल: जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, आरपार दिसणारा सूत्रकृमी, सीनोरॅब्डायटिस एलेगन्स.

केंब्रिजच्या सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात तो हाताशी धरला. जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून अंड्यापासून प्रौढापर्यंत एकेका पेशीची वंशावळ लिहून काढली. उभयलिंगी प्रौढाच्या शरीरात ९५९ कायिक पेशी. घडताना १३१ पेशी ठरल्या वेळी मरतात. त्या मरणांवर वेगळं व्याख्यान हवं. ब्रेनर, सल्स्टन आणि त्यांचे सहकारी हॉर्विट्झ यांना २००२चं नोबेल मिळालं, ते या कामासाठी.

आज फक्त एका अवयवाबद्दल बोलतो: अंडी बाहेर पडण्याचं द्वार. ते अवघ्या २२ पेशींचं. अळीच्या पोटाकडे सहा पेशी ओळीने असतात आणि सहाहीजणींत हे द्वार घडवण्याची कुवत असते. निवड कोण करतं? वरच्या जननग्रंथीतली एकच पेशी, तिला नांगर-पेशी म्हणू. ती लिन-३ नावाचं प्रथिन सोडते. पंगतीत वाढप्याच्या पुढ्यातल्या पानात जास्त पडावं, तसं बरोबर खालच्या पेशीला ते सर्वाधिक मिळतं. तिच्यापासून आठ पेशी होतात. ती मग लिन-१२ या निरोप टिपणाऱ्या ग्राहक-प्रथिनामार्फत दोन्ही शेजारणींना बजावते, ‘तुम्ही माझ्यासारख्या होऊ नका.’ त्या प्रत्येकी सात पेशी देतात. उरलेल्या तिघी या कामातून बाद होऊन त्वचेत विलीन होतात. लेसरने नांगर-पेशी वेळेआधी जाळली, तर द्वार घडतच नाही. मग अंडी आतच फुटतात आणि पिल्लं आईला आतून खाऊन बाहेर येतात.

उलटा बिघाडही होतो. नांगर-पेशीचा निरोप पुढे नेणारं लेट-६० हे जनुक सतत चालू राहिलं, तर एकाऐवजी अनेक द्वारं फुटू लागतात. माणसात याच कुळातलं रास जनुक बिघडलेलं अनेक कर्करोगांत सापडतं. कृमीच्या पोटाचा अभ्यास कशाला, असं विचारणाऱ्याला मी एवढंच उत्तर देतो.

या कृमीच्या भाऊबंदांपैकी ब्रिग्साय या जातीचा जगभर वापरला जाणारा प्रमाण वाण, एएफ१६, अहमदाबादच्या मातीतून मिळालेला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा एलेगन्सच्या चेतापेशींतली वाहतूक अभ्यासते. म्हणजे हा पाहुणा आपल्याला परका नाही.

खर्चही फार नाही. आगरची बशी, खाऊ म्हणून जिवाणू आणि एक बरा सूक्ष्मदर्शक. अंड्यापासून प्रौढ व्हायला तीन-चार दिवस पुरतात. समोर बसलेल्या प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे: येत्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांकडून सडलेली फळं गोळा करवून घ्या आणि ती भिंगाखाली धरा.