जीवनसत्त्वाचा प्रतिस्पर्धी



जीवनसत्त्वाने शरीराचे पोषण होते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु एका जीवनसत्त्वाची वाट अडवूनच रक्ताच्या कर्करोगावर पहिला परिणामकारक घाव घातला गेला, ही हकीकत फारशी सांगितली जात नाही.

तिचा आरंभ मुंबईत झाला. १९२८ नंतर ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईंनी तेथे गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रियांचे रक्त सुधारते, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल होय. पालकाच्या पानांतून मिळाल्यामुळे त्यास १९४१ मध्ये हे नाव मिळाले.

पेशींची वाढ घडविणारे हे द्रव्य कर्करोगाच्या पेशींनाही हवे असते. रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना ते दिले असता रोग बळावतो, असे बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना दिसले. तेव्हा त्यांनी उलट मार्ग धरला. भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने फॉलिक आम्लासारखी दिसणारी, पण त्याचे कार्य न करणारी द्रव्ये तयार केली होती. कुलपात शिरते पण फिरत नाही, अशी ही किल्ली. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा वृत्तान्त दिला. त्यांपैकी १० जणांना उतार पडला. दुर्दैवाने तो तात्पुरता ठरला.

एकट्या औषधास रोगपेशी दाद देईनाशा होतात. म्हणून पुढे त्याच जातीच्या मेथोट्रेक्सेटला मर्कॅप्टोप्युरीनची जोड देण्यात आली. पहिले औषध पेशीला स्वतःचा कच्चा माल बनवू देत नाही. त्यामुळे दुसऱ्याचा खोटा माल तिच्यात अधिक शिरतो. मुलांच्या या रोगात ही जोडी आजही दीर्घकाळ दिली जाते. अस्थिमज्जारोपणानंतर मेथोट्रेक्सेट सायक्लोस्पोरीनसह देतात. सांधे सुजविणाऱ्या आमवातातही अल्प मात्रेत ते वापरतात. एकट्याने भागले नाही तर सल्फासॅलाझीन व हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन यांची जोड देतात.

खेड्यापाड्यांत हे औषध पोहोचते ते बहुधा आमवातासाठीच, आणि धोकाही तेथेच आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. रोजची समजून घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. चिठ्ठीवर वाराचे नाव स्पष्ट लिहिलेले असावे. रुग्णास वाचता येत नसेल तर शिक्षकाने किंवा घरातील जाणत्याने ते वाचून सांगावे. सोबत दिलेली फॉलिक आम्लाची गोळी सामान्यतः दुसऱ्या दिवशी घ्यावयाची असते. गरोदरपणी हे औषध वर्ज्य आहे. खोकला-तापासाठी कोणी कोट्रायमॉक्साझोल देऊ लागल्यास मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे आधी सांगावे; तेही फॉलिक आम्लाचीच वाट अडविते, आणि ही जोडी मात्र घातक आहे.

तोंड येणे, ताप, अंगावर काळेनिळे डाग दिसणे, ही लक्षणे आढळताच गोळी थांबवून रुग्णालय गाठावे. ल्यूकोव्होरिन हा त्यावर उतारा आहे. तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो.